टाचणी उघडी राहू द्या

ताई, तीन वर्षं मी टॉर्शन शैलीची बॉबिन लेस विणते आहे, म्हणजे उशीवर टाचण्या रोवून बॉबिन नावाच्या छोट्या दांड्यांवर गुंडाळलेल्या धाग्यांची लेस. बॉबिनच्या २४ जोड्यांपर्यंतचे काठ हात न अडखळता होतात. आता नवीन काही शिकावं म्हणून बक्स पॉइंट या इंग्लिश शैलीचा एक नमुना घेतला. ३२ जोड्या, दोन जाड धागे आणि मधे फूल. आठ सेंटिमीटर विणलं आणि कापून टाकलं. जाळी कुठे गच्च, कुठे फाटल्यासारखी. सरळ काठ आत ओढला गेलाय. जाड धागा फुलाभोवती बसायचं सोडून सरकत राहिला. धागा तर चार वेळा तुटला. शैली बदलली की सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं का? त्यापेक्षा बेडफर्डशर किंवा मिलानीज शैलीची लेस सोपी जाईल का? आणि नव्या शैलीसाठी नव्या बॉबिन घ्याव्याच लागतात का?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तो आठ सेंटिमीटरचा तुकडा टाकून दिला नसेल तर आधी तो शोधून काढा आणि गडद कापडावर पसरून ठेवा. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

पहिल्यापासून शिकावं लागत नाही. बॉबिन लेस कुठल्याही गावची असो, हाताला दोनच हालचाली येतात आणि त्या तुम्हाला येतात. चार बॉबिन समोर घ्या. मधल्या दोघींपैकी डावी उजवीवरून गेली की झाली फुली. मग दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून गेली की झाला पीळ. फुली आणि पीळ म्हणजे अर्धा टाका. फुली, पीळ, फुली म्हणजे कापडी टाका. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये विणायचे तेही हेच. झुरिकमध्ये १५६१ साली छापलेल्या नमुन्यांच्या एका पुस्तकात म्हटलं आहे की ही कला पंचवीस वर्षांपूर्वी, १५३६च्या सुमारास, व्हेनिसकडच्या व्यापाऱ्यांबरोबर तिथे आली. तेव्हापासून शेकडो शैली झाल्या, पण तिसरी हालचाल कोणी आणली नाही.

शैलीगणिक बदलतो तो या दोन हालचालींचा क्रम, आणि त्याहून जास्त बदलतं ते टाचणीचं काम. तुमची अडचण नेमकी इथे आहे.

टॉर्शनच्या जाळीत तुम्ही अर्धा टाका घालता, टाचणी रोवता आणि पुन्हा अर्धा टाका घालून ती टाचणी बंद करता. टाचणी दोन टाक्यांच्या मधे कोंडलेली असते. म्हणून टॉर्शनमध्ये हात थोडा जोरात ओढला तरी चालतं. उरलेला ताण तो वरून बसलेला टाका सांभाळतो. बक्स पॉइंटच्या जाळीत तसं नाही. एक फुली, मग तीन पीळ, मग टाचणी, आणि संपलं. टाचणीवर दुसरा टाका येत नाही. ती उघडी राहते, आणि दोन जोड्या तिच्या दोन बाजूंनी आपापल्या तिरक्या वाटेने निघून जातात. टाचणी उशीत आहे तोवर फुली तिच्यावर टेकलेली असते. टाचणी काढल्यावर त्या भोकाचा आकार धरून ठेवायला ते तीन पीळ आणि शेजारची भोकं एवढंच उरतं.

आता तुमचा तुकडा पाहा. जिथे जाळी गच्च आहे तिथे भिंग लावून मोजा. मला जवळजवळ खात्री आहे की तिथे सवयीने टाचणी बंद झालेली दिसेल, म्हणजे एका भोकापाशी दोन फुल्या. आणि जिथे फाटल्यासारखं वाटतं तिथे तीनऐवजी दोन किंवा एकच पीळ असेल. हात तीन वर्षं एक गोष्ट करत आला आहे. मन फुलाकडे गेलं की तो आपल्या ओळखीच्या वाटेने चालू लागतो. म्हणून पहिले काही दिवस पीळ तोंडाने मोजा. मनातल्या मनात मोजून उपयोग होत नाही, ओठ हलले पाहिजेत. इंग्लंडच्या ज्या भागात ही लेस वाढली तिथल्या लेसशाळांत मुली मोजणीची गाणी म्हणत विणायच्या, त्याचं कारण मला स्वतः मोजायला लागल्यावर कळलं.

ओढण्याची सवयही बदलावी लागेल. टॉर्शनमध्ये आपण टाका संपला की लगेच ताणतो. इथे फुली आणि तीन पीळ झाले की टाचणी रोवा आणि दोन्ही जोड्या हलकेच दोन बाजूंना न्या, इतक्या हलक्या की पीळ फक्त वर चढून टाचणीपाशी बसावेत. मग सोडून द्या. शेवटची ओळ नेहमी मोकळी दिसते. खालची ओळ विणली गेल्याशिवाय वरची भोकं षट्कोनी होतच नाहीत. पुष्कळ जणी इथेच घाबरतात, ती मोकळी ओळ ओढून ओढून नीट करायला जातात आणि धागा तोडतात. चारपैकी दोन वेळा तरी तुमचा धागा असाच तुटला असणार.

काठ आत ओढला जाण्याचं कारण वेगळं आहे. सरळ काठाला आतल्या बाजूने दोन उभ्या जोड्या असतात आणि फिरती जोडी त्यांच्यातून कापडी टाक्याने जाते-येते. या उभ्या जोड्या ताणून धरल्या की काठ पाण्यातून काढलेल्या नाडीसारखा आखडतो. उभ्या जोड्यांना त्यांच्या बॉबिनच्या वजनाएवढाच ताण पुरे, हाताचा नको. ओढायचं असेल तर फिरत्या जोडीला ओढा. शिवाय बक्समध्ये काठाच्या आत एक जादा टाचणी येते, जिला इंग्रजीत कॅच पिन म्हणतात. बाकीच्या जाळीत टाचणी दोन जोड्यांच्या मधे रोवतात. ही मात्र दोन्ही जोड्यांच्या बाहेर, काठाच्या बाजूला रोवायची असते. तुम्ही ती मधे रोवली असेल तर जाळीचं पहिलं भोक काठाला चिकटून बसतं आणि काठ आणखीच आत जातो. तुकड्यात हेही तपासा. इंग्लिश नमुन्यांत सरळ काठ बहुधा उजवीकडे असतो आणि युरोपातल्या पुष्कळ देशांच्या नमुन्यांत डावीकडे, त्यामुळे दोन पुस्तकं शेजारी ठेवून शिकताना गोंधळ होतो. सुरुवातीला एकाच पुस्तकाला धरून राहा.

जाड धागा, म्हणजे गिंप, स्वतः विणला जात नाही. तो प्रत्येक जोडीच्या दोन धाग्यांमधून सरकत जातो. त्याला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट एकच: त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर त्या जोडीला दिलेले पीळ. एका बाजूचा पीळ राहिला की तिथे तो पोकळ होतो आणि सरकतो. त्याला एक अपवाद आहे. दोन गिंप एकमेकांना लागून जात असतील तर त्यांच्या मधे पीळ द्यायचा नाही, नाहीतर त्यांच्यात फट पडते. तुमच्या नमुन्यात दोन गिंप होते, म्हणजे हा नियम आणि त्याचा अपवाद दोन्ही तुम्ही एकाच वेळी सांभाळत होता, शिवाय ३२ जोड्या, शिवाय नवी जाळी.

तुमची चूक काय म्हणाल तर एवढीच, की एका नमुन्यात पाच-सहा नव्या गोष्टी घेतल्या. मला यात हाताचा दोष दिसत नाही, नमुन्याच्या निवडीचा दिसतो. मी स्वतः बक्सकडे वळले तेव्हा पहिल्यांदा असाच भरगच्च फुलांचा नमुना घेतला होता, आणि तो अर्धवट तुकडा आजही माझ्या डब्यात आहे. पुढे कधीतरी तो पाहिला आणि लक्षात आलं की त्यातला मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा भाग अगदी स्वच्छ होता. मग मी उलट बाजूने सुरू केलं, आणि तुम्हालाही तेच सांगते आहे.

बक्समध्ये फुलांच्या पोटात बहुधा एक वेगळी जाळी भरतात, मधाच्या पोळ्यासारखी. तिचा टाका असा: फुली, पीळ, पीळ, टाचणी, फुली, पीळ, पीळ. म्हणजे टाचणी बंद! तुमच्या टॉर्शनच्या टाक्याला दोन्हीकडे एकेक जादा पीळ लावला की झाली पोळ्याची जाळी. एक ओळ सलग, पुढची ओळ एकाआड एक भोकं सोडून, असं ते चालतं. तुमच्या हाताला हे तासाभरात जमेल. तर पहिल्या आठवड्यात फक्त पोळं विणा. बारा जोड्यांची पट्टी, दोन्ही बाजूंना साधा काठ, गिंप नाही, फूल नाही. दुसऱ्या पट्टीत पोळ्याभोवती एकच गिंप घाला. ती नीट झाली की तिसऱ्या पट्टीत फक्त उघडी जाळी आणि सरळ काठ. ही तिसरी पट्टी दिसायला सगळ्यात साधी आहे आणि सगळ्यात अवघड आहे, कारण चूक लपायला जागाच नाही. ती किमान वीतभर लांब विणा. त्यानंतर पंधरा-सोळा जोड्यांचा, एका गिंपचा अरुंद काठ. तुमचा ३२ जोड्यांचा नमुना त्याच्याही पुढे.

धाग्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे पुष्कळ मेहनत वाया जाते. नव्या शैलीत आपण पुस्तकात लिहिलेला धागा मिळत नाही म्हणून हाताशी असलेला घेतो. धाग्याच्या रिळावरचा क्रमांक दोन कंपन्यांत सारखा नसतो, सुती आणि लिननमध्ये तर मुळीच नसतो. खात्रीचा उपाय म्हणजे पट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळायचा, एकावर एक न चढवता आणि मधे फट न ठेवता, आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजायचं. नमुन्याला लागणाऱ्या धाग्याचे ३० वेढे बसत असतील तर तुमच्या धाग्याचेही ३०च्या जवळपास बसले पाहिजेत. शिकताना नमुना मोठा करून घेणं चांगलं. डोळ्यांना आणि बोटांना दोघांना आराम पडतो. पण नमुना सव्वापट केला तर धागाही त्याच प्रमाणात जाड हवा, म्हणजे ३० वेढ्यांच्या जागी २४ वेढ्यांचा. नमुना मोठा आणि धागा तोच राहिला तर जाळी कितीही काळजीने विणली तरी फाटल्यासारखीच दिसणार. तुमच्या तुकड्यातला धागा असाच मोजून पाहा. उरलेल्या तक्रारीचं कारण तिथे सापडू शकेल.

आणि टॉर्शनच्या आलेखाच्या कागदावर बक्सचा नमुना काढू नका. टॉर्शनची जाळी काठाशी ४५ अंशांत चालते, बक्सची त्याहून जास्त कोनात. ४५ अंशांवर उघडी जाळी विणली की तिची भोकं षट्कोनी न होता चौकोनी आणि ढिली होतात.

नव्या बॉबिन लागतात का? बक्ससाठी लगेच नाही. इंग्लंडच्या त्या भागातल्या बॉबिन बारीक आणि सडपातळ असतात, आणि शेवटाला काचेच्या मण्यांचं कडं असतं. ते शोभेचं वाटतं पण कामाचं आहे: त्याने थोडं वजन मिळतं आणि बॉबिन उशीवर लोळत नाही. तुमच्या टॉर्शनच्या बॉबिन जाडजूड, फुगीर बुडाच्या असतील तर बारीक धाग्याला त्या जड होतात आणि मग धागा तुटतो. विणायचा धागा थोडा जाड आणि नमुना मोठा केलेला घेतलात तर त्याच बॉबिन पहिले दोन-तीन महिने सहज चालतील. फक्त एका उशीवर हलक्या आणि जड बॉबिन मिसळू नका, ताण सारखा राहत नाही. गिंपची बॉबिन मात्र वेगळी आणि वजनदार ठेवली तर उलट सोयीचं. ती पटकन ओळखूही येते. पैसे खर्च करायचेच असतील तर बारीक पितळी टाचण्यांवर करा. टॉर्शनच्या जाड टाचण्या बक्सच्या भोकांना ताणून मोठं करतात, आणि गंजणारी टाचणी पांढऱ्या धाग्यावर डाग सोडते, जो निघत नाही. काठाच्या टाचण्या बाहेरच्या बाजूला किंचित कललेल्या ठेवा आणि घाईने काढू नका.

आता बेडफर्डशर आणि मिलानीज. दोन्ही सुंदर आहेत, पण सोप्या म्हणून त्यांच्याकडे जाऊ नका, त्यांची अडचण दुसरीकडे असते.

बेडफर्डशरमध्ये बक्ससारखी जाळी जवळजवळ नसतेच. भाग एकमेकांना वेण्यांनी जोडतात आणि मधे पानं येतात. १८५१ साली लंडनला झालेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर माल्टाच्या लेसची आवड वाढली आणि तिच्या प्रभावाखाली ही शैली फुलली. वेण्या तुम्हाला दोन दिवसांत येतील. पानं येणार नाहीत. पानात एकच धागा तीन धाग्यांमधून खालीवर फिरतो आणि तो क्षणभर जरी मोकळा सुटला तरी सगळं पान चुरगळून गोळा होतं. चांगलं पान यायला पन्नास-शंभर वाईट पानं विणावी लागतात, आणि ती वेगळ्या उशीवर, फक्त पानांच्या पट्टीत विणावीत. ज्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यात आनंद मिळतो त्यांच्यासाठी ती शैली आहे.

मिलानीज आणि स्लोव्हेनियातली इद्रिया या फितीच्या लेस. जोड्या थोड्या लागतात, पुष्कळदा सात-आठच, आणि एक फीत वळणं घेत घेत नक्षी करते. जिथे फीत फितीला भेटते तिथे बारीक आकड्याने धागा आधीच्या काठातून ओढून घेतात आणि जोडतात. एकेकाळी पारा काढणाऱ्या खाणींचं गाव असलेल्या इद्रियात १८७६ साली सुरू झालेली लेसशाळा अजून चालू आहे, आणि स्लोव्हेनियातली बॉबिन लेस २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तुम्हाला उशी मांडायला फार वेळ मिळत नसेल, बत्तीस जोड्या गुंडाळण्याचाच कंटाळा येत असेल, तर इद्रिया घ्या असं मी मनापासून सांगेन. फीत, वळण आणि जोड एवढं आलं की काम पुढे सरकतं. पण त्यात टॉर्शनचा तिरका कोनही नाही आणि जाळीची शिस्तही नाही. वळणावर आतल्या काठाला धागे दाटू न देणं ही तिची खरी परीक्षा.

तुम्ही मात्र पत्रात पहिली तक्रार जाळीबद्दल केलीत.  ज्या बाईला जाळी गच्च झाल्याचा एवढा त्रास होतो तिने जाळीची लेस विणावी असं मला वाटतं. आणि या एका जाळीने किती दारं उघडतात ते पाहा: फ्रान्समधली लिल, काळ्या रेशमातली शाँटिली, डेन्मार्कची टोन्डर, या सगळ्यांच्या जाळीचा टाका हाच, एक फुली आणि तीन पीळ. जॉन हीथकोट यांनी १८०९ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्या यंत्रानेही हीच षट्कोनी जाळी विणून दाखवली. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातल्या ओढणीवरची होनिटन या इंग्लिश लेसची फुलं हाताने विणलेली होती, पण ती यंत्राच्या जाळीवर बसवलेली होती. एवढ्या लवकर यंत्राला द्यावी लागली ती जाळी हाताने विणायची म्हणता आहात, तर तिला चार महिने द्या.

पुस्तकांबद्दल सावध करते. वेगवेगळ्या देशांत एकाच नावाने वेगळे टाके ओळखले जातात. इंग्रजीतला ‘होल स्टिच’ काही पुस्तकांत फुली, पीळ, फुली असतो आणि काहींत शेवटी आणखी एक पीळ धरून असतो. कुणी फुलीपासून मोजतं, कुणी पिळापासून. म्हणून नवीन पुस्तक हातात आलं की पहिल्या पानावर पेन्सिलने प्रत्येक टाक्याचं भाषांतर फु आणि पी या अक्षरांत लिहून ठेवा. रंगीत आराखड्यांत जांभळी रेघ म्हणजे कापडी टाका, हिरवी म्हणजे अर्धा टाका, लाल म्हणजे कापडी टाक्यावर आणखी एक पीळ. एक रेघ म्हणजे एक जोडी, आणि रेघेवरचे छोटे आडवे छेद म्हणजे जादा पीळ. हे वाचता यायला लागलं की जर्मन पुस्तकही भाषा न येता चालतं.

आणि पुन्हा कापू नका. चूक दिसली की उलटं विणत मागे जा. आधी पीळ सोडवा, म्हणजे डावी बॉबिन उजवीवरून. मग फुली सोडवा, म्हणजे उजवी डावीवरून. मग टाचणी काढा आणि वरच्या टाक्याला लागा. टाचणीवर दुसरा टाका नसल्यामुळे बक्स उलटी सोडवणं टॉर्शनपेक्षा सोपं जातं. अर्ध्या तासात वीस टाके मागे जाता येतं. एकदा असं मागे गेलात की पुढच्या वेळी चूक तीन टाक्यांतच दिसू लागते, वीस टाके थांबावं लागत नाही.

पांढऱ्या धाग्याखाली गडद निळा किंवा हिरवा कागद ठेवा आणि दिवा डावीकडून, खालच्या उंचीवर लावा; भोकांच्या सावल्या पडल्या की तीन पीळ आणि दोन पीळ यांतला फरक डोळ्यांना ताण न देता दिसतो. मेणबत्तीच्या काळात विणकरी बाया पाणी भरलेला काचेचा गोळा ज्योतीसमोर ठेवून तिचा प्रकाश उशीवर एकवटत असत. तुमच्याकडे दिवा आहे, फक्त त्याची जागा बदला.

तिसरी पट्टी, म्हणजे नुसती उघडी जाळी आणि काठ, विणून झाली की टाचण्या काढण्याआधी तिचा जवळून फोटो पाठवा. काठाकडची पहिली दोन भोकं त्यात स्पष्ट दिसली पाहिजेत. कॅच पिन बरोबर बसली आहे का ते मला तेवढ्यावरून सांगता येईल.